ठकूआईच्या शब्दाचं तळं

शनिवार होता, बाजाराचा दिवस. गुंडाप्पा मिस्त्र्याच्या साखळीच्या घड्याळात दुपारचे सव्वातीन झाले होते. करंजवटचं तळं त्या वेळेला झालं, असं सांगतात.

कुठल्याही तळ्याची अशी वेळ कुणी सांगत नाही. कुणाचं पांडवांनी खणलेलं असतं, कुणाचं देवीनं टाच मारून काढलेलं. करंजवटचं तळं मात्र एका म्हातारीच्या तोंडच्या एका शब्दानं झालं, आणि तो शब्द तिच्या तोंडून आला तेव्हा मिस्त्री घाबरून सारखा घड्याळ बघत होता. म्हणून तेवढी वेळ राहिली.

ओढ्यावरच्या बांधाच्या दक्षिण अंगाला, जिथं डोंगराची सोंड खाली उतरते, तिथल्या खोलगट जागेत हे तळं आहे. बाहेरगावचा माणूस आला की तळ्याच्या आधी नारळवाल्यापाशीच चमकतो. इतर ठिकाणी देवापुढचा नारळ वाढवतात. इथं नारळवाला सरळ विचारतो, "फोडून देऊ का?" या गावात बांगडी फुटते, कुंकू संपतं, दुकान बंद होतं. नवी सून माहेरच्या वळणानं म्हणाली, "आत्याबाई, बांगडी वाढवली," तर सासू विचारते, "अगं बया, आणखी एक भरलीस? पैसे कुणी दिले?" हसतात सगळ्या. मग तिला तळ्यावर आणतात आणि हे सांगतात.

वैशाखात पाणी आटलं की तळ्याच्या तळाशी दगडी उखळ दिसतं. तिथं ठकूआईचं घर होतं. ठकूआई म्हणजे दिवाण हैबतरावांच्या मातोश्री. इंग्रजांच्या अमदानीत आपल्या संस्थानचे दिवाण हैबतराव मोठं प्रस्थ होतं. गोरे साहेब त्यांच्याशी बोलायला खुर्चीतून उठायचे म्हणे. पण ही गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या आईची आहे.

ठकूआई करंजवटला सून म्हणून आली तेव्हा हे गाव बोलण्यात काही निराळं नव्हतं. दोन खणांचं धाब्याचं घर, पुढं पडवी, मागं गवताची गंजी. नवरा बैलगाडी हाकायचा. पहिली मुलगी झाली, तिला बाळी म्हणायचे. बाळी फार रडकी होती. अंगावर पाजलं तरी रडायची, झोळीत घातलं तरी रडायची. एका दुपारी चुलीत ओली लाकडं धुमसत होती, तव्यावरची भाकरी करपत होती, बाळी किंचाळत होती आणि ठकूबाईच्या तोंडून गेलं, "मर की एकदाची!"

असं सगळ्याच म्हणतात. तोंडातून जातं, पोटात काही नसतं. पण त्याच आठवड्यात गावात देवी आल्या आणि बाळी गेली.

शेजारणींनी समजावलं, "अगं, किती घरची गेली. सगळ्यांच्या आया काय तसं बोलल्या होत्या का?" ठकूबाई मान हलवायची. पण रात्रंदिवस तो धूर आणि तो एक शब्द तिच्या छातीत फिरत राहिला. पुढं पुन्हा दिवस गेले तेव्हा ती ओढ्यावरच्या साती आसरांच्या डोहाशी गेली, ओंजळीत पाणी घेतलं आणि नवस बोलली. "बायांनो, हे लेकरू मला द्या. माझ्या तोंडून तुटणं, फुटणं, मरणं, संपणं, असलं काही यायचं नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी दिलेलं माघारी न्या."

नवस असाच बोलतात म्हणे. बोलताना माणसाला वाटतं, आपण काहीतरी मागतोय. पुढं कळतं की आपण काहीतरी बांधून घेतलंय.

मुलगा झाला. हैबती नाव ठेवलं. तेव्हापासून ठकूबाईच्या घरात काहीच फुटेना. मडकं वाढायचं, बांगडी वाढायची, नारळ वाढायचा. मीठ उरलं नाही तर मीठ वाढलं. दिवा मोठा करायचा. दोरी दोन ठिकाणी व्हायची. नवरा पटकीनं गेला तेव्हासुद्धा तिनं एवढंच सांगितलं, "धनी लांबच्या भाड्याला गेलेत." इतर आया पोरांना मेल्या, मुडद्या म्हणून हाका मारायच्या. ठकूबाई संतापली की ओरडायची, "अरे जगल्या! शंभरीच्या! थांब, तुला औक्षवंत करते चांगली!" हातात काठी असायची आणि हैबती पुढं पळत असायचा. लोक पोट धरून हसायचे.

हसता हसता गावाला सवय लागली. तिच्यासमोर वाईट शब्द काढायचा नाही, हा आधी मान होता, मग वळण झालं. शेजारची सारजा विहिरीवर विचारायची, "ठकूबाई, रांजणाचं काय झालं गं?" ही म्हणायची, "वाढला." सारजा म्हणायची, "कुंभाराला सांगते." पुढं बोलायची गरज पडत नसे.

हैबती शिकला. गावच्या मास्तरनं त्याला संस्थानच्या शाळेत घातलं, तिथून पुढं पुण्याला, तिथून वकिली. असं करत करत तो दिवाण झाला. लोक म्हणायचे, आईच्या जिभेवर वाईट आलं नाही, त्याचं हे फळ. ठकूबाईची ठकूआई झाली. तिला मात्र फळ दिसत नव्हतं, टांगलेली तलवार दिसत होती. पोरगा जितका वर चढला, तितकी ती जास्त भ्यायली. वर चढलेल्याला पडायला जागा फार, असं ती सारजाला एकदा म्हणाली. 'पडायला' शब्द तोंडातून गेला तशी स्वतःच दचकली आणि दिवसभर जेवली नाही.

दिवाणांनी आईला राजधानीत बंगल्यावर नेलं होतं. मोठी बाग, पाण्याचं कारंजं, दारात शिपाई. थोडेच दिवस राहिली आणि गाडी जुंपायला लावून परत आली. सारजानं विचारलं, "का वं, करमलं न्हाई?"

"कसं करमंल? तिथं दिवसभर काही ना काही वाढतंय आणि नोकर मोठ्यांदा सांगतात. पेला असा झाला, साखर तशी झाली. कानात बोळे घालून किती बसू?"

म्हणून ती करंजवटलाच राहिली. दिवाणांची आई आणि धाब्याचं घर. दिवाणांनी पाथरवटाकडून उखळ नवं करून दिलं, पडवीला सागाचे खांब लावले, बाकी तिनं काही हलवू दिलं नाही. याच घरात सगळ्यांना तिचं बोलणं कळत होतं. घर म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मग तो मोठा दुष्काळ पडला. दिवाणांनी संस्थानभर कामं काढली, त्यात करंजवटच्या ओढ्यावर मातीचा बांध घातला. कामाला लांबलांबून माणसं आली. मुकादम म्हणून गुंडाप्पा मिस्त्री आला, तो नदीपलीकडच्या कानडी मुलखातला. माणूस मोठा इमानी. मराठी बोलायचा, पण जसं शिकला तसं, सरळ सरळ. कुठला शब्द कुठं उलटा होतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बांध उभा राहिला. जादा पाणी काढून द्यायचा सांडवा तेवढा राहिला होता. दुसऱ्या वर्षी पाऊस बेताचा झाला, काही बिघडलं नाही. लोक म्हणाले, सांडवा काय, होईल सावकाश.

त्याच्या पुढच्या वर्षी हैबतराव विलायतेला गेले. संस्थानच्या गादीचा काही वाद होता, तो तिकडच्या मोठ्या साहेबांपुढं मांडायचा होता. समुद्रावरून जायचं. ठकूआईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. सारजानं तिला सांगितलं, "आपल्या ओढ्यासारखाच असंल की, जरा रुंद." त्या दिवसापासून ठकूआईनं एक नवीनच धरलं. पाण्यानं भरलेली घागर चुलीशेजारी ठेवायची आणि तिच्यातलं पाणी हललं की वरून तळहात ठेवायचा. पाणी निवांत झालं की हात काढायचा. घरातून कुणी चाललं, दार आपटलं, की पाणी हलायचं. ती परत धावायची. राजधानीच्या बंगल्यावरनं सुनेनं निरोप पाठवला की काम फत्ते झालं, दिवाणसाहेब माघारी निघाले, आगबोटीत बसले. तशी ती घागरीपाशीच झोपायला लागली.

आणि तो शनिवार आला. आश्विन संपत आला होता, परतीचा पाऊस लागला होता. गावातले बाप्ये सकाळीच पलीकडच्या बाजाराला गेले आणि मागं ओढ्याला लोंढा आला. माणसं पलीकडच्या काठाला अडकली. गावात बाया, पोरं, म्हातारी माणसं. बांधावर फक्त गुंडाप्पा आणि त्याची बाहेरगावची माणसं.

पाणी भराभर चढलं. गुंडाप्पानं खूण म्हणून रोवलेली काठी दिसेनाशी झाली. मातीचा बांध वरून पाणी गेलं की टिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तसा तो मधूनच गेला असता तर खाली सबंध गाव होतं. वाचायची एकच वाट होती. दक्षिणेच्या टोकाला बांध आपण होऊन फोडायचा, म्हणजे पाणी डोंगराच्या कडेनं खोलगटात उतरेल आणि पुढं घळीतून निघून जाईल. पण त्या खोलगटात एक घर होतं, आणि ते दिवाणांच्या आईचं होतं.

गुंडाप्पाची छाती होईना. त्याच वेळेला सारजा शेळी शोधत बांधावर आली. गुंडाप्पा तिला म्हणाला, "सारजाबाई, पळत जावा री. आईला विचारा, बांध फोडू का वाढवू? फोडला तर घर जातंय त्यांचं. त्या म्हणतील तसं."

सारजा पळाली. ठकूआई उंबऱ्यात उभी होती. आता सारजानं काय म्हणायचं? तिच्या तोंडून ठकूआईपुढं तो शब्द इतक्या वर्षांत निघाला नव्हता, त्यात पोरगा समुद्रावर. सारजा म्हणाली, "आई, पाणी काठाला लागलंय. मिस्त्री इचारतोय, आपल्या अंगाचा बांध... वाढवायचा का?"

ठकूआईला सगळं समजलं. तिनं एकदा आत बघितलं. चूल, उतरंड, उखळ, घागर. मग म्हणाली, "गावात लेकरं हायेत. वाढवा म्हणावं. लगीच वाढवा."

सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ठकूआईच्या पायांना हात लावला आणि तशीच बांधाकडं धावली. लांबूनच हाक दिली, "मिस्त्री! आई म्हणतात, वाढवा! लगीच वाढवा!" आणि गावाकडं वळली, पोरांना देवळाच्या टेकाडावर न्यायला. आपण काय सांगून आलो, हे तिला ठाऊक होतं. ते सगळ्यांनाच ठाऊक असणार, असं तिला वाटलं. चूक म्हणायची तर एवढीच.

गुंडाप्पानं कपाळाला हात लावला. वाढवा! पण दिवाणांच्या आईचा हुकूम. त्यानं माणसांना ओरडून सांगितलं, "टोपल्या भरा! बांध वाढवा!"

इकडे ठकूआईनं देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले, घागर कमरेवर घेतली आणि सोंडेवर जाऊन बसली, आपल्या घरात पाणी शिरायची वाट बघत. एका हाताचा तळवा घागरीच्या तोंडावर. पाणी येईना. पावसातून तिनं बांधाकडं पाहिलं. माणसं वाकत होती, उठत होती. टोपल्यांवर टोपल्या पडत होत्या. बांध खाली यायच्या ऐवजी वर चालला होता. आणि त्याच्या मागं पाणी.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

घागर तिथंच ठेवून ती निघाली. चिखलातनं, काट्यातनं, लुगडं वर खोचून. बांधावर पाय ठेवला तर बांध पायाखाली थरथरत होता, ताप भरलेल्या पोराच्या अंगासारखा. पाण्याच्या आवाजात माणसाचं माणसाला ऐकू येत नव्हतं. तिनं हातानं दक्षिणेचं टोक दाखवलं आणि ओरडली, "इथं! इथं वाढवा!"

गुंडाप्पा म्हणाला, "इथं का? बरं, बरं आई!" आणि सगळ्या टोपल्या त्या टोकाला पडायला लागल्या. जिथनं पाणी जायचं, तीच जागा सगळ्यांत उंच झाली.

तिनं एकाच्या हातची कुदळ ओढली. गुंडाप्पानं ती अलगद काढून घेतली. "तुम्ही नका कष्ट घेऊ री, आई. आम्ही हाय की."

"अरे, पाण्याला वाट करा! वाट!"

वाऱ्यात त्याला शेवटचाच शब्द ऐकू आला. "वाट लागणार, खरंच वाट लागणार आई! म्हणून तर वाढवतोय!" असं म्हणत त्यानं घड्याळ काढलं. किती वेळ तग धरेल, याचा अंदाज घेत असावा.

ठकूआई तिथंच उभी राहिली. मागं पाणी होतं. पुढं खाली देवळाच्या टेकाडाकडं निघालेल्या बाया दिसत होत्या, कडेवर एक, हाताला एक. अजून निम्म्या वाटेवरसुद्धा पोचल्या नव्हत्या. तिच्याजवळ आता एकच शब्द उरला होता. पण मडकं फुटतं, नारळ फुटतो, तशी आगबोटही फुटते. ती पुढं सांगायची म्हणे, की शब्द जिभेवर आला तेव्हा तिला चुलीतला धूर आला. त्या दुपारचा. बाळीचा आवाज आला. तिनं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं म्हणे. गुंडाप्पाला वाटलं, म्हातारी घाबरली.

बांधावरनं पाण्याची पहिली चुळकी पलीकडं सांडली.

तिनं हात काढले.

"फोडा!"

गुंडाप्पा वळून बघायला लागला.

"फोड रे मेल्या, बांध फोड! इथं फोड! माझं घर फुटू दे, बुडू दे, संपू दे सगळं! फोडा!"

"ऐकलं, आई!" गुंडाप्पा ओरडला. "ऐकलं!" त्यानं स्वतः पहिली कुदळ घातली. तेव्हा सव्वातीन झाले होते.

एकदा वाट मिळाल्यावर पाण्यानं माणसांचं काम स्वतःच केलं. टोक गेलं, पाणी डोंगराच्या कडेनं खोलगटात उतरलं. धाब्याचं घर मातीचं. थोडा वेळ ते पाण्यात बसल्यासारखं दिसलं, मग खांद्यातनं खचलं. सागाचे खांब तरंगत घळीकडं गेले. गाव कोरडं राहिलं. एकही माणूस गेलं नाही, एक सारजाची शेळी सोडली तर.

ठकूआई मात्र थांबेना. एवढ्या वर्षांचे अडवलेले शब्द तिच्या तोंडातनं येत राहिले. तुटलं, मोडलं, मेलं, जळलं, संपलं. बाया तिला धरून देवळात घेऊन गेल्या, तिथंही चालूच. आणि मग एकदम गप्प झाली ती झालीच.

सारजानं तिला आपल्या घरी ठेवलं. ठकूआई सकाळी उठायची आणि बांधावर जायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, परत यायची, परत जायची. ऊन असो, धुकं असो. बाया म्हणायच्या, "आई, जरा टेका की." ती मान डोलवायची आणि चालू लागायची. भाकरी हातात दिली तर चालता चालता खायची. राजधानीचा डाकवाला गावात आला की सगळ्या बाया आधी तिच्या तोंडाकडं बघायच्या आणि मग जमिनीकडं. त्याच्याजवळ तिचं काही नसायचं. बोटीची बातमीच नव्हती. दर्या खवळलाय, बोटी कुठं कुठं अडकल्यात, एवढं बाजारातनं कानावर यायचं. सारजा रात्री कूस बदलत म्हणायची, "मीच नीट शब्द सांगितला असता तर..." ठकूआई उठून तिच्या अंगावर वाकळ सारखी करायची, पण बोलायची नाही.

दिवाळी आली आणि गेली. गावात कुणी पणती लावली नाही.

मग एका सकाळी ओढ्यापलीकडं धुरळा दिसला. घोडागाडी, पुढं दोन स्वार. गाडीतनं हैबतराव उतरले. डोक्याला मंदील, अंगात लांब काळा कोट, दाढी वाढलेली. बोट वादळात भरकटली होती, कुठल्याशा बंदरात पडून राहिली होती, पण पोचली होती. सगळं गाव बांधावर जमलं. ठकूआई जागची हलली नाही. तिला वाटत होतं की आपण जवळ गेलो तर हे दिसणं मोडेल.

हैबतरावांनी पाया पडून वर पाहिलं आणि मग खोलगटाकडं पाहिलं. तिथं नुसतं पाणी होतं.

"आई, घर कुठं आहे?"

इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. "फुटलं. मी फोडायला लावलं." आणि मग खालच्या आवाजात, "हैबा, मी तो शब्द बोलले रे. नवस मोडला. त्याचं तुझ्यावर यायचं आता. तुला काय झालं नाही ना? कुठं दुखत नाही ना?"

हैबतरावांनी तिचे हात धरले. मग म्हणाले, "आई, मी तिकडं रोज दुसरं काय बोलत होतो? तह मोडला, करार तुटला, तिजोरी संपली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. त्याच्याबद्दल तर मला दरबार पगार देतो."

ठकूआईनं त्याच्याकडं डोळे फाडून पाहिलं. इथं ती घागरीवर हात ठेवून बसली होती, आणि हा तिकडं!

"मेल्या!" ती ओरडली. "मुडद्या! समुद्रावर असताना असलं बोलत होतास? लाज वाटली नाही तुला?" आणि तिनं पायातली वहाण काढली.

स्वार घोड्यावर ताठ झाले. संस्थानच्या दिवाणांना सगळ्यांसमोर मुडद्या म्हणणारं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं. हैबतराव मात्र तिथंच चिखलात बसले. हसत होते का रडत होते, याबद्दल दोन मतं आहेत. म्हणाले, "पुन्हा म्हण, आई. सगळ्यांच्या आया म्हणायच्या. मला कधी कुणी म्हटलंच नाही."

ती पुन्हा म्हणाली. पुष्कळदा म्हणाली. लोक सांगतात की म्हणता म्हणताच तिला रडू फुटलं, आणि बाळी गेली तेव्हाचं रडणंही तेव्हाच झालं.

दिवाणांनी बांधाला सांडवा बांधला आणि खोलगटातलं पाणी तसंच राहू दिलं. ठकूआईला नवं घर टेकाडावर बांधून दिलं, तिथं ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. त्या घरात सगळं फुटायचं, तुटायचं, संपायचं, आणि पुन्हा आणायचं.

आजही करंजवटच्या बाया तळ्यावर येतात. लेकरू तापानं फणफणलं, पोरगं परगावी नोकरीला निघालं, पोरीचे दिवस भरत आले, की रात्रभर जे पोटात गोल गोल फिरतं ते इथं येऊन मोठ्यानं बोलायचं. तोंड दाबून धरायचं नाही. "माझं बाळ जगणार नाही असं वाटतंय." "गाडीला अपघात होईल असं वाटतंय." जे असेल ते, त्याच शब्दांत. फूल नाही, नैवेद्य नाही. फक्त एकटीनं जायचं नाही. बरोबर दुसरी बाई हवी, आणि तिनं समजूत घालायची नाही, उगी उगी म्हणायचं नाही. गुंडाप्पा म्हणाला तेवढंच म्हणायचं: "ऐकलं." भीती जाते असं कुणी सांगत नाही. घरी जाऊन बाळाच्या कपाळाला हात लावावाच लागतो, रात्रीतनं उठून श्वास बघावाच लागतो. पण बोललेला शब्द पाण्यात बसतो, लेकरावर बसत नाही, अशी इथली समजूत आहे.

तुम्ही इथवर आलात, ऐकलंत. आता जाताना तुमच्या गावच्या लेकुरवाळ्यांना हे सांगा. तळ्यावर यायला जमलं नाही तर घरच्या रांजणाशी बोला म्हणावं. आणि कुणी तुमच्यापाशीच बोलली, तर "ऐकलं" म्हणायला विसरू नका.